दोन बोटं माया

कोल्हापुरात कोंबडी दोनच ठिकाणी दिसते, उकिरड्यावर नाहीतर रश्श्यात. अंगात कपडे घातलेली कोंबडी मी फक्त आमच्या गल्लीत पाहिली. तीही एक नव्हे, सहा. कुणी मोरपंखी, कुणी लिंबाच्या रंगाची. पाठीवर कापड, पंखांखालून नाड्या आणि छातीवर गाठ. अशा नटूनथटून त्या गटाराकाठी किडे शोधत हिंडायच्या.

हे श्रीपतमामांचं काम. मामा आमच्या गल्लीतले टेलर, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नव्वदीच्या सुरुवातीला मी शाळेत नोकरीला लागले, तेव्हापासून माझे ब्लाउज त्यांच्याकडे. शिवण उत्तम, स्वभाव खडूस आणि जिभेवर एकच शब्द, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, म्हणजे पुढे लागलं तर कपडा उसवून सैल करता येतो. मामा मात्र ती कुठेही सोडत. एस.टी. नऊची असली की हे आठलाच स्टँडवर. "येळंत माया ठेवाय लागती, बाई." नवऱ्यामुलाच्या कोटाला तर न विचारता तीन बोटं. "लगीन झाल्यावर पोट सुटतंय की!"

त्यांच्या बायकोला सगळे हिराक्का म्हणत. माहेर जयसिंगपूरकडचं, अंगानं ऐसपैस, आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरून उरेल एवढा. दोघांना मूलबाळ नव्हतं. कोंबड्या हिराक्कांच्या. कोंबड्याचं नाव त्यांनी फौजदार ठेवलं होतं, कारण तो कामधाम न करता दिवसभर गस्त घालायचा. मामा बायकोचं नाव कधी घेत नसत. "आमच्या घरात इचारून सांगतो," असं म्हणायचे.

मग माझी गारगोटीला बदली झाली. तीन वर्षांनी परत आले तेव्हा हिराक्का नव्हत्या, आणि कोंबड्यांच्या अंगात कपडे होते.

कारण फौजदार. तो कोंबड्यांच्या पाठीवर चढायचा आणि चोचीनं, नखांनी त्यांची पिसं उपटायचा. पाठी पार सोलून निघाल्या होत्या. गल्लीनं एकमुखानं उपाय सांगितला, "कोंबडा कापा मामा, रस्सा करू." मामांनी मशीनवरून मान वर केली नाही. "आमच्या घरातनं वाढवलाय त्येला. कापतोय व्हय?" म्हणाले आणि झबली शिवायला बसले.

बसले ते बसलेच. कोंबडी काखेत धरून टेपनं माप घ्यायचं, खडूनं आखायचं, मग ट्रायल. नाडी बांधून झाली की तिच्याखाली बोट घालून विचारायचं, "काचतंय का गं?" आणि खरोखर उत्तरासाठी थांबायचं. पन्हाळ्याहून एक गृहस्थ कोटाचं माप द्यायला आले, त्यांना मामांनी बाकावर बसवून ठेवलं. "जरा दम धरा, पावणं. हिचं आदी घेतो. हिची पाठ उघडी हाय, तुमची न्हाय." ते गृहस्थ गेले ते पुन्हा काही फिरकले नाहीत.

माझी गतही तीच. स्नेहसंमेलन तीन दिवसांवर आलं तरी ब्लाउज तयार नाही. मी तणतणत गेले. मामा झबलंच शिवत होते, आणि कडेचं दोन बोटं कापड नीट आत दुमडत होते. माझं डोकं फिरलं.

"मामा, कोंबडीच्या झबल्यात माया कशाला? ती काय बाळसं धरणार आहे?"

मशीनवरचा त्यांचा पाय थांबला. "धरील की," एवढंच म्हणाले. मी तशीच घरी आले आणि त्यांना मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. मामा जमिनीवर बसून ब्लेडनं एक जुना ब्लाउज उसवत होते. जांभळा. तो मी ओळखला. हिराक्का हळदीकुंकवाला घालायच्या तोच. कोंबड्या कुणाच्या कपड्यांत हिंडतात ते मला तेव्हा कळलं.

"दुकानात चिंध्यांचं पोतं भरलंय, मामा. हे कशाला उसवताय?"

"आदी चिंध्याच घातल्या की. चोचीनं फाडून टाकल्या. माझ्या हाताला पण येत नव्हत्या. मग हे घातलं, तर गप बसल्या. वळखत्यात, बाई."

ब्लाउजाची एक बाजू सुटली, तशी आतून कापडाची घडी उलगडत गेली. दोन बोटं, चार बोटं, होता होता वीतभर. बाहेरचं जांभळं धुऊन धुऊन विटलं होतं. आतलं अजून ताग्यावरचं असावं तसं गडद.

"एवढी माया?" मी विचारलं.

"दुखण्यात अंग उतराय लागलं. दर म्हैन्याला म्हणायची, सैल हुतंय, आत घ्या. घ्यायचो. कापड काय कापलं न्हाय. म्हटलं, अंग भरलं की उसवून देऊ." त्यांनी कापड मांडीवर सपाट केलं. "शेवटाला भाईर थोडं आन् आतच जास्ती झालं. हाडाला शिवण लागायची. म्हणायची, काचतंय, कापा की हो हे. मी कापलं न्हाय, बाई. कापलं आसतं तर आता अंग भरायचं न्हाय, हे तिला उमगलं आसतं."

कालचं माझं बोलणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तांबडी दारात आली. सहांतली सगळ्यात म्हातारी, जुनं झबलं फाटून गेलेलं आणि पाठीवर एक पीस नाही.

"ह्यो शेवटचा," मामा ब्लाउजाकडे बघत म्हणाले. "आता काय उरलं न्हाय."

"मग राहू द्या हा. मी माझा एखादा जुना आणते."

मामांनी तांबडीच्या पाठीकडे पाहिलं. मग कात्री घेतली आणि आतली सगळी माया एका दमात कापली. विटलेलं कापड बाजूला पडलं. गडद जांभळं त्यांनी मशीनखाली घातलं. या वेळी दुमड नाही, काही नाही. शिवणसुद्धा वरच्या बाजूला काढली, पाठीला लागू नये म्हणून.

तांबडीला मी धरलं. मामांनी झबलं चढवलं, गाठ मारली आणि नेहमीसारखं नाडीखाली बोट घातलं.

"काचतंय का, हिरा?"

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी तांबडीच्या पाठीवर पडत होतं, पण हात सोडवत नव्हते. मामा बोट तसंच ठेवून वाट बघत राहिले.