खंदक आतून काहून?

ढोमणेकाकांच्या घरी गेलात तर ते 'या, बसा' असं म्हणत नाहीत. दार उघडतात आणि थेट विचारतात, "मले सांगा, खंदक आतून काहून?" लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो की गॅसचं सिलिंडर आणणारा, सुटका कोणाचीच नाही.

प्रकरण असं आहे. रायपूरजवळ अभनपूरच्या पुढे शेतांमध्ये मातीचा एक जुना तट आहे. गोल, दोन पुरुष उंच, वर पळस माजलेले. गावातले त्याला गढ म्हणतात. पण तो कोणी घातला, कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नाही. आता शत्रूला अडवायचं तर खंदक तटाच्या बाहेर हवा. इथे तो आत! का? काकांची सगळी नोकरी रेल्वेत रुळांखालचा मातीचा भराव तपासण्यात गेलेली, त्यामुळे हा उलटा खंदक त्यांच्या डोक्यातून जाईना. "माती खोटं बोलत नाही, माणूस बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दर रविवारी आम्ही चार-पाच शेजारी तेलीबांध्याच्या तळ्याजवळ त्यांच्या व्हरांड्यात जमायचो. मी म्हणायचो, आत हत्ती ठेवत असतील. तिवारीजी म्हणायचे, "कैदी होंगे, भैया." काका प्रत्येकाचं म्हणणं निकालात काढायचे आणि चिवड्याची बशी पुढे सरकवायचे. काकू गेल्यापासून चिवडा तेच करत. मीठ कधी जास्त, कधी मुळीच नाही.

तट खोदून बघा म्हणून काका वर्षानुवर्षं सरकारला अर्ज करत होते. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि एक दिवस खरंच पुरातत्त्व खात्याचा एक तरुण साहेब जीप घेऊन आला. मला वाटलं, काका आता पेढे वाटणार. पण दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

तटावर साहेबांनी अदबीनं विचारलं, "काकाजी, कहाँ से खोदें?" काकांनी छत्री टेकत पुरती एक फेरी मारली आणि जागा दाखवली. संध्याकाळपर्यंत खोदून निघाली ती प्लास्टिकची एक चप्पल. "ये तो नई मिट्टी है," साहेब म्हणाले. त्यांच्याकडे तेवढाच एक दिवस होता. पुढे बघू म्हणाले आणि गेले.

येताना काका माझ्या स्कूटरवर मागे बसून चक्क गुणगुणत होते. मला राहवेना.

"काका, माती नवी आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना. तिथं पावसानं तट फुटला होता. गाववाल्यांनी बुजवला तवा मी उभाच होतो."

"मग तीच जागा काहून दाखवली?"

तेलीबांध्याचं तळं येईपर्यंत ते पुन्हा गुणगुणत राहिले. मग हळूच म्हणाले, "उत्तर भेटलं असतं, तं रविवारी तू काहून आला असता, बाप्पा?"

मला फार वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. आणि उत्तर मिळालं नाही याचं बरंही वाटलं.

घरासमोर ते उतरले, आत जाऊन फाटक लावायला लागले. रविवार नव्हता, तरी मी स्कूटर बंद केली.

"काका, खंदक आतून काहून असेल हो?"

त्यांनी फाटक पुन्हा उघडलं. "ये," म्हणाले, "बस."