चालत्या इंजिनाचं तेल

इंजिनाचं मला कोणी शिकवू नये! शाळेनं मला तिसरीत सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण इंजिनाच्या बाबतीत आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात माझ्याएवढी जाणकार बाई नाही. आमचे हे एकतीस वर्षं मालवाहू जहाजावर तेलवाले होते. तेलवाले म्हणजे दुकानदार नव्हे! तिमजली इंजिनाच्या पोटात उतरून कुठं तेल कमी पडतंय ते बघणारा माणूस. सुट्टीवर आले की नऊ महिन्यांचं इंजिन मला ऐकवायचे. त्या आवाजानं त्यांचे कान गेले, बोलणंही आटलं. पण मी ऐकून ठेवलेलं कुठं जातंय?

आता घरचं सांगते. मुलगा यासीन कुवेतला, सून त्याच्यासोबत. नात निदा आमच्या दोघांजवळ, जयगडच्या अलीकडे, खाडीवरच्या घरात. पोरगी औषधांचं शिकली आणि तिला रत्नागिरीच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी लागली. सकाळी आठला हजर व्हायचं. आणि आमच्याकडची पहिली एसटी साडेआठला तर घाटीवर दम खात उभी असते! म्हणून यासीननं एक जुनी पण चांगली पांढरी गाडी घेऊन दिली. पण बाप तो बापच! लगेच कुवेतहून फर्मान आलं, "नोकरी सुरू होईपर्यंत महिनाभर गाडी सांभाळून दाखव. एक बिघाड झाला, की किल्ली उमेरकडे. तो सोडेल तुला."

उमेर म्हणजे माझ्या दिराचा नातू. मुलगा गुणी आहे; फक्त त्याचे गुण सकाळी अकराला उठतात. त्याच्या हातात किल्ली म्हणजे निदाची नोकरी गेलीच! पोरीला ते कळत होतं. तिनं ती गाडी अशी जपली, की बाळंतिणीला कोणी जपत नाही. अठ्ठावीस दिवसांत एक ओरखडा नाही.

एकोणतिसाव्या दिवशी मी लक्ष घातलं.

रविवार होता. पावसला माझ्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. मी पुढं बसले, हे मागं. निदानं किल्ली फिरवली आणि समोरच्या काचेआड उरुसाची रोषणाई झाली! लाल, पिवळे, काय नि काय. त्यातला एक लाल दिवा मी बघताक्षणी ओळखला. लांब चोचीची झारी आणि चोचीतून पडणारा थेंब. अस्सल तीच झारी! जहाजावरच्या फोटोत आमच्या ह्यांच्या हातात आहे ती!

"निदा, थांब! तेल संपलंय!"

"नाय गो दादी. किल्ली फिरवली की सगळेच लागतात. हजेरी देतात. आता बघ, इंजिन चालू केलं... गेले ना?"

गेले खरे. पण माझं समाधान होईना.

"पोलिसाला बघून चोर पळाला, म्हणजे चोरी झालीच नाय काय?"

"दादी, मी परवाच तेल बघितलंय. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या बरोबर मधोमध आहे."

"मधोमध? म्हणजे अर्धं संपलं!"

निदानं कपाळाला हात लावला. माझ्या घरात डबा अर्धा झाला, की मी माणूस दुकानात पाठवते. तळ दिसेपर्यंत थांबणाऱ्या बायका वेगळ्या!

इतक्यात तिला दवाखान्यातून फोन आला. आमच्याकडे फोनवरचं बोलणं माडीवर गेल्याशिवाय ऐकू येत नाही. "दादांना उकडेल, एसी राहू दे. दोन मिनिटांत आले," म्हणून पोरगी गाडी चालूच ठेवून पळाली. मी तिच्या पाठीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं.

"उतरा!"

हे उतरले. एकतीस वर्षं हुकूम ऐकलेला माणूस. बाकी काही ऐकू येत नसलं तरी हुकूम अजून ऐकू येतो. बॉनेट उघडून घेतलं. आत इंजिन धडधडत होतं.

"अगो कनीज, इंजिन चालू हाय," हे म्हणाले.

"चालूच पायजे! तुम्हीच सांगायचात ना, मुंबई सोडली की रॉटरडॅमपर्यंत इंजिन बंद होत नाय, सगळं चालत्यातच बघायचं?"

"जहाजाचं वेगळं..."

"आणि हे काय, हातगाडी? इंजिन म्हणजे इंजिन! नरसाळं धरा."

नरसाळं मी स्वयंपाकघरातून आणलं होतं, खोबरेल ओतायचं. पिवळ्या कडीची ती लांब पट्टी ओढून काढली. ह्यांच्या लुंगीला पुसली, परत आत घातली, परत काढली. पद्धत मला माहीत आहे! टोकाला तेल किती? तीन थेंब! मधोमध म्हणे! आजकालची पोरं शिकतात फार आणि बघतात कमी.

यासीननं गाडीसोबतच घेऊन दिलेला तेलाचा एक भरलेला डबा पडवीत होता. मी इंजिनावरचं झाकण फिरवलं, तर आतून शिंतोडे उडाले आणि ह्यांच्या पांढऱ्या दाढीचं चितळ झालं. त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. जहाज आठवलं असेल. मी थोडं तेल ओतलं, पट्टी बघितली. कमीच! परत ओतलं. आता पट्टीवर लांब फराटा. परत पुसून बघितलं, तर पुन्हा थेंबच! खरं सांगते, ती पट्टी दर खेपेला वेगळी साक्ष देत होती. मग मी काय केलं, ज्या खेपेला कमी दिसलं ते खरं धरलं आणि ज्या खेपेला जास्त दिसलं ते शिंतोडे म्हणून सोडून दिलं. निदाची दोन मिनिटं लांबली आणि असं करता करता डबा रिकामा झाला.

निदा आली तेव्हा बॉनेट बंद होतं, नरसाळं पदराखाली होतं आणि मी जागेवर होते.

"दादी, दादांच्या दाढीला काय झालं?"

"वय झालं. डाग पडतात."

घाटी लागेपर्यंत गाडी ठीक होती. चढाला मात्र ती घोगरी झाली, कुठूनतरी जळका वास यायला लागला आणि मागून धूर सुटला. धूर म्हणजे किती? पांढरा, निळसर, रस्ताभर! दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली. कोणी खिडक्या लावल्या, कोणी पाण्याच्या कळशीवर ताट ठेवलं. एक बाई तर पदर नाकाला लावून आमच्या मागं धावत आली.

"अगो, बरं झालं! पंचायतीनं शेवटी डासांचं औषध पाठवलं! आमच्या गटारावर पण मारा जरा!"

आणि त्याच वेळी समोर झारी पेटली. लालभडक!

"बघ!" मी ओरडले. "मी काय सांगत होते? अजून तेल हवंय!"

निदानं मात्र गाडी कडेला घेऊन इंजिन तिथंच बंद केलं. "पिवळा असता तर गॅरेजपर्यंत नेली असती. लाल लागला की थांबायचं," ती म्हणाली. मग सावकाश माझ्याकडे वळली. "दादी, अजून म्हणजे?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर धुराशिवाय काही नव्हतं, तरी बघत राहिले.

चढ संपतो तिथंच लवू मेस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं चार माणसं आणून गाडी ढकलत वर सपाटीला नेली. दहा मिनिटं नुसता उभा राहिला. माझ्या मते ती दहा मिनिटं फुकट गेली. मग त्यानं पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"चाची, ही वरची खूण. आणि तेल हे इथं, चार बोटं वर! हे इंजिन हाय की पिंप? भजी तळायची होती काय आत?"

"पण चालू असताना तर थेंबच होते!" हे मी म्हणणार होते. दातांमागं अडवलं.

"चालू इंजिनात तेल वर अंगभर फिरत असतं," लवू निदाला समजावत होता, "खाली पट्टीला कमीच लागणार. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, दहा मिनटं दम, मगच बघायचं. जास्त झालं की आत घुसळून त्याचा फेस होतो. फेसानं दाब बसत नाय, म्हणून हा लाल दिवा."

"म्हणजे कमी झालं तरी तोच दिवा आणि जास्त झालं तरी तोच?" मी विचारलं. "हे कसलं शहाणं यंत्र? मी मीठ कमी असलं तर वेगळं ओरडते, जास्त असलं तर वेगळं!"

"इंजिन वाचलं चाची, ह्या पोरीनं लगेच बंद केलं म्हणून. पण एवढं तेल घातलं कुणी?"

निदानं ह्यांच्या दाढीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि खाली मान घालून गप्प राहिली. काही बोलली असती, भांडली असती, तर मी दोन हात केले असते. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

तेवढ्यात उमेर मोटारसायकलवरून आला. अकरा वाजून गेले होते. त्यानं काय झालं ते विचारलं नाही. फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, "निदाने गाडी बसवली." हे काम तो चोख करतो!

पाचव्या मिनिटाला कुवेतहून फोन. समोर यासीनचा चेहरा, तापलेला.

"निदा, मी काय सांगितलं होतं? काही ऐकायचं नाही मला. किल्ली उमेरला दे."

उमेरनं हात पुढं केलासुद्धा! निदानं किल्ली मुठीत धरली होती. मूठ उघडायला लागली. उद्या आठला तिला खिडकीवर उभं राहायचं होतं. मी फोन हिसकावला.

"यासीन, गप बस. तेल मी घातलं. चूक माझी."

गॅरेजात पाना पडल्याचा आवाज झाला. लवूच्या हातातून पडला होता. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. हे शब्द माझ्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. मीसुद्धा.

 फोनमध्ये यासीनचे डोळे भरून आले.

"अम्मा... नातीसाठी तू खोटं बोलायला लागलीस?"

"खोटं? अरे, मी घातलं!"

"तुझं काळीज मोठं आहे अम्मा. पण माझी अम्मा चुकेल? एवढ्या वर्षांत कधी चुकलीस? तूच सांगतेस ना?"

सांगते, हे खरं आहे.

"विचार तुझ्या बापाला!" मी फोन ह्यांच्यासमोर धरला. "सांगा! नरसाळं कोणी धरलं होतं?"

ह्यांनी कानामागं हात नेला. "काय? ऐकू नाय आलं." स्वयंपाकघरात खाऊचा डबा उघडल्याचा आवाज बरोबर ऐकणारा माणूस! बायको चुकली असं चार लोकांत म्हणायचा हुकूम त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता, आणि तो सापळा आहे अशी त्यांची खात्री होती.

"लवू, तू सांग!"

"मी कशाला चाची? मला हितंच धंदा करायचा हाय."

"दादी असं करणारच नाय," उमेर म्हणाला. "दादीला इंजिनातलं कळतं." जन्मात पहिल्यांदा त्यानं माझी तारीफ केली, तीही नको तेव्हा!

"मी चुकले म्हणते ना!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यावरून चाललेला माणूस थांबून "चुकलं असेल माझंच" म्हणून पुढं गेला. पण फोनमधला हुंदके द्यायचा थांबेना. शेवटी त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं, तू घातलंस ना? मग सांग, तेल बघताना इंजिन चालू होतं की बंद?"

"चालू!" मी म्हणाले. "बंद इंजिनात काय बघायचं? झोपलेल्या माणसाला भूक लागलीय का विचारतं कोणी? तुझा बाप एकतीस वर्षं चालत्या इंजिनाला तेल घालत होता, एकदा तरी जहाज बुडलं काय? आणि हा लवू मला सांगतो दहा मिनटं थांबा! समुद्रात थांबतं कोणी? त्या गाडी बनवणाऱ्यांनी पट्टीच आखूड केलीय, खुणा चुकीच्या जागी मारल्यात, दोन दुखण्यांना मिळून एक दिवा लावलाय, आणि मला शिकवतात! मी अजून एक डबा घातला असता ना, तर..."

"पुरे, अम्मा," यासीन म्हणाला. डोळे कोरडे ठणठणीत. "पटलं. तूच घातलंस."

"पटलं," लवू म्हणाला.

"पटलं," हे म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं!

"निदा, किल्ली तुझ्याकडेच ठेव," यासीन म्हणाला. उमेरनं हात खिशात घातला. निदा मला असं बिलगली, की लवूच्या बाकड्यावरचा चहा सांडला.

लवूनं जास्तीचं तेल काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगी पावणेआठला दवाखान्यात पोचली. रोज पोचते. तेव्हापासून घरात सगळे मला विचारतात, चूक कबूल केल्यावर हलकं वाटलं का? वाटलं, थोडं. पण बायांनो, एक चूक पटवून द्यायला एवढा घसा कोरडा करावा लागत असेल, तर मी पुन्हा त्या भानगडीत पडणार नाही. आणि ती पट्टी आखूडच आहे.