भोवऱ्यात पडलेली कवळी

सकाळी सव्वादहा वाजता, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांचा चुरा धुणाऱ्या कारखान्यात, हौदावर वाकलेल्या ऑपरेटरच्या शर्टाच्या खिशातून कवळी पाण्यात पडली. आधी खालची, मग वरची.

हौदातलं पाणी पंपाने भोवऱ्यात जायचं. भोवरा म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी नरसाळं. पाणी बाजूने जोरात आत शिरून गरगर फिरतं. बाटल्यांचा जड चुरा भिंतीला घासत खालच्या तोंडातून पडतो, झाकणांचा हलका चुरा मधोमध गोळा होऊन वरच्या नळीने निघून जातो. ऑपरेटरची उभी हयात या यंत्रापाशी गेली होती. त्याने ताबडतोब पंप बंद करायला हवा होता. पण पंप थांबला की साहेब कारण विचारणार, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने हौदात खांद्यापर्यंत हात घातला. हाताला मूठभर झाकणांचा चुरा लागला.

तेवढ्यात भोवऱ्याचा आवाज बदलला. खालच्या तोंडातून माल पडायचा थांबला. जड चुऱ्याला खाली वाट उरली नाही, तसा तोही वरून निघाला आणि हलक्या मालाच्या थैल्यांत जाऊन बसू लागला. फिटर पाना घेऊन धावत आला.

"काका, काय टाकलंत आत?"

"काही नाही."

"काही नाही एवढं मोठं नसतं."

"कवळी पडली."

"तुमची? काल माझ्यासमोर दातांनी वायर सोललीत की." एवढं बोलून फिटरची जीभ थबकली. काकू गेल्या तेव्हा खांदा द्यायला तो होता. "काकूंची?"

ऑपरेटरने मान हलवली. सकाळी सुनेने मोठी पिशवी काढून सांगितलं होतं, "बाबा, आज आईंची खोली आवरते हं." खिडकीत पाण्याच्या ग्लासात कवळी होती. पिशवीचं तोंड उघडलेलं पाहून त्याने ती रुमालाने पुसली आणि खिशात टाकली. बायको कवळीशिवाय कधी कुणासमोर गेली नाही. दूधवाल्यालासुद्धा पदर तोंडावर धरून थांबवायची. दवाखान्यातून मात्र तिला शेवटचं घरी आणलं तेव्हा कवळी वेगळ्या पाकिटात होती, आणि त्या गर्दीत पाकिटाची आठवण कुणालाच झाली नाही.

फिटरने पंप बंद केला. मग काकांची अब्रू झाकायची म्हणून त्याने एक शहाणपण केलं. बिघडलेल्या मालाच्या थैल्या झटपट शिवून दारात उभ्या असलेल्या ट्रकवर चढवल्या. ट्रक निघाला आणि साहेब आला. साहेब नवीन होता.

"प्लँट का थांबलाय?"

"कवळी अडकली, साहेब. काकांच्या मिसेसची."

"त्या इथे कशा आल्या?"

"त्या नाही आल्या."

"मग आज त्या जेवणार कशा?"

फिटरने साहेबाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. साहेबाने हेल्मेट काढलं, हातात कुठे धरावं ते न सुचून पुन्हा घातलं. मग सवयीने विचारलं, "जड की हलकी?"

"जड," फिटर म्हणाला.

"ग्लासात तळाशी असते," ऑपरेटर म्हणाला.

भोवऱ्याचं खालचं तोंड उघडलं. खालची कवळी तिथे आडवी बसली होती, दोन दात उडालेले. वरची नव्हती. भिंतीला चिकटलेला चुरा खरवडून पाहिला. हौद उपसून पाहिला.

"जड असेल तर गेली कुठे?" साहेब म्हणाला.

"खाली वाट बंद होती," ऑपरेटर म्हणाला. "वरून गेली असणार."

"मग थैल्या बघू या."

फिटरने पान्याकडे पाहिलं. "थैल्या मी ट्रकवर चढवल्या."

माल घेणाऱ्या कारखान्याला फोन करणं साहेबालाच भाग होतं.

"आमच्या मालातून दात आलेत," साहेब म्हणाला.

"कशाचे दात?"

"माणसाचे. म्हणजे माणूस नाही त्यात. नुसते दात. बाईंचे." साहेब घामाघूम झाला. "आणि हो, मालात भेसळही झालीय. पण आधी दात."

दुपारी सुनेचा फोन आला. ऑपरेटर खालची कवळी रुमालात गुंडाळत होता.

"बाबा, खिडकीतला ग्लास रिकामा कसा? तुम्ही कवळी कुठे ठेवलीत?"

"तू टाकणार होतीस ना."

"टाकते कशी? रोज पाणी बदलते मी त्यातलं. आईच म्हणायच्या, कोरडी पडली की वाकडी होते." ती थांबली. "पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरली मी. बाबा? आहे ना तुमच्याजवळ?"

"खालची आहे," ऑपरेटर म्हणाला.

मग वरची ट्रकमधून गेल्याचंही त्याने सांगितलं. "मी जाते तिकडे," सून म्हणाली. "मला पत्ता द्या ट्रकचा."

पाच वाजता त्या कारखान्यातून कळवण्यात आलं. आलेल्या थैल्यांपैकी दोन त्यांच्या हौदात रिकाम्या झाल्या आहेत. बाकीच्या फाटकाशी ठेवल्या असून एक बाई जमिनीवर बसून त्या एकेक उघडत आहेत. त्यांचा भोवरा बंद ठेवला आहे. वरची कवळी अद्याप मिळालेली नाही.