रतनभाऊंची गुजराती

पिंपळनेरच्या बाजारात मेथीची जुडी मागता मागता आमचे शेजारी रतनभाऊ मध्येच थांबत आणि स्वतः रचलेली गुजराती कविता म्हणू लागत. भाजीवाली अक्का विचारी, "भाऊ, आते मेथी देऊ का टाळ्या?"

माणूस जन्माने खानदेशी, मायबोली अहिराणी. सुरतेच्या कापडदुकानात तरुणपण घालवून एकटाच परतलेला. त्यावरून गावाने दोन कथा रचल्या: सुरतेत कोणी बाई होती, किंवा भाऊंना मायबोलीची लाज वाटते. दोन्ही साफ खोट्या आहेत, आणि सांगणाऱ्यांच्या तोंडावर मी तसे म्हटलेले आहे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. ऐकीव आणि पाहिलेले यांतला भेद मला कळतो.

लाजेचा पुरावा म्हणून लोक भरिताची पार्टी सांगतात. हिवाळ्यात मळ्यात वांगी भाजली होती. रतनभाऊंनी कविता म्हटली, टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडले, "भाऊ, हाईच अहिराणीमा सांगा ना!" मग सगळ्यांनी तोच धोशा लावला. रतनभाऊंनी दोन्ही कान दाबले आणि भरिताच्या परातीत पाय देऊन ते पळत सुटले. लोक अजून हसतात. भरिताचे दुःख मलाही झाले. पण भाऊंच्या मागे धावलो तो मी एकटाच.

बांधावर बसून, माखलेला पाय गवताला पुसत ते म्हणाले, "नाना, माले आवाज येतस. दिनभर शिव्या देतस. डॉक्टरन्या गोळ्या लेस, तरी येतस. पन त्या बठ्ठा आवाज अहिराणी बोलतस. त्यासले गुजराती समजत नही."

एवढीच ती लाज. कविता चालू असेतो त्यांच्या डोक्यात ते एकटे असत.

परवा ते माझ्या ओट्यावर आले. कविता म्हटली नाही. मी कारण विचारले.

"कालदिन एक ओळ करी. दुसरी त्यासनीच सांगी. गुजरातीमा." कवीच्या प्रामाणिकपणाने ते पुढे म्हणाले, "चांगली व्हती, नाना."



मग ते सरकत अगदी जवळ आले. "माले संस्कृत शिकाडा."

मी घसा साफ केला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात पहिला शब्द उच्चारला. रतनभाऊंनी घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू, नाना. त्यासले ऐकू जाई."