सावंतकाकांचा चार्ज

आमच्या प्रभादेवीच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका दरवर्षी राजीनामा देत. त्यासाठी त्यांनी एक कागद लॅमिनेट करून ठेवला होता. तारखेची जागा तेवढी कोरी. ती ते स्केचपेनने भरायचे आणि सभा संपली की ओल्या फडक्याने पुसायचे. वार्षिक सभेत काकांनी कागद वाचायचा, "आता तरुणांनी बघावं, आपण मोकळे" म्हणायचं, सगळ्यांनी "छे छे काका, तुमच्याशिवाय कोण?" म्हणायचं आणि मग बटाटेवडे यायचे. वीस वर्षं हे असंच चाललेलं.

यंदा मी नवा होतो. माटुंग्याहून येऊन जेमतेम सहा महिने झालेले. कागद वाचून झाल्यावर मी मोठ्या मनाने उभा राहिलो. "काकांना किती त्रास द्यायचा? मी घेतो जबाबदारी." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"उत्तम. आपण मोकळे."

वड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवसभर माझी बेल वाजू लागली. लिफ्ट बंद, जिन्यातला दिवा गेला, वरच्यांचं पाणी गळतंय. काका मात्र चार्ज हप्त्याहप्त्याने देत होते. रोज एक किल्ली. "एकदम दिलं की घोळ होतो हो." पंपाची किल्ली द्यायला तर आठवडा लावला. आधी मला पंपाचा स्वभाव समजावून सांगितला. म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही, असं मी घरी चिडून म्हणालो.

"तुला हात वर करायला कोणी सांगितलं होतं?" बायको म्हणाली.

शेवटी कामांची यादी मिळाली. सुवाच्य अक्षर, प्रत्येक कामाला नंबर. टाकी धुणे, मीटरची खोली उघडणे वगैरे. चौदावं काम असं होतं: 'तिसरा मजला, गोखले आजी. सकाळी पाणी आलं की बेल वाजवून सांगणे. त्यांना कळतं, तरी सांगणे. एकट्या असतात.'

त्याखाली वेगळ्या पेनाने, बारीक अक्षरात पंधरावं: 'पहिला मजला, सावंत. तसेच.'

काकू जाऊन चार वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं. पण त्या घरी जी काही माणसं येत होती ती लिफ्ट आणि पाण्यासाठीच, आणि ती सगळी मी माझ्या दारी आणली, हे त्या ओळीने कळलं. मला लाज वाटली.

सकाळी पाणी आलं. आधी आजींची बेल वाजवली, मग खाली येऊन काकांची. दार तत्काळ उघडलं. काका दाढीबिढी करून तयार होते.

"पाणी आलं, काका."

"पाच मिनिटं झाली येऊन," काका घड्याळ बघत म्हणाले. "बसा. चहा ठेवलाय."