अंधारमास्तरांचं एक बटण

"अहो, मी आहे अजून इथं!"

हा आवाज आमच्या घरात रोज संध्याकाळी दोन-तीनदा तरी उठायचा. कधी स्वयंपाकघरातून, कधी न्हाणीघरातून, एकदा तर थेट माळ्यावरून! कारण एकच, मी. खोलीतून बाहेर पडलो की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा. आत बायको आहे, तिच्या हातात सुई आहे, ती सुईत दोरा ओवते आहे, हे माझ्या गावीही नसायचं. खट्! की मागून अंधारातून तो आवाज.

दोष माझा नाही, धंद्याचा. छत्तीस वर्षं मी नाटकांचे दिवे सांभाळले. लोकांना वाटतं, प्रकाश पाडणं अवघड. साफ चूक! प्रकाश कुणीही पाडेल, अंधार पाडायला माणूस लागतो. एका झटक्यात, सगळीकडे, असा काळाकुट्ट की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला स्वतःचं नाक सापडू नये! नटमंडळी मला अंधारमास्तर म्हणायची आणि मी ते नाव पदवीसारखं मिरवायचो.

बायको जाऊन आता तीन वर्षं झाली. घरात चार खोल्या, अकरा दिवे आणि मी.

चिरंजीव दुसऱ्या शहरात. दर रविवारी फोनवर त्याचं पालुपद, "बाबा, इकडे या." माझं पालुपद, "मी मजेत आहे." शेवटी तह झाला. त्यानं फोनवरून चालणारे दिवे, तसलेच प्लग आणि आपलं बोलणं ऐकून हुकूम पाळणारा एक डबा असं सामान पाठवलं. ते मी एकट्यानं बसवायचं आणि त्याला चालवून दाखवायचं. जमलं, तर वर्षभर तो घर सोडायची भाषा काढणार नाही. फसलं, तर पुढच्या महिन्यात तो टेम्पो घेऊन दारात उभा!

"अरे, हजार हजार वॉटचे दिवे नाचवलेत मी! हे तर काजवे आहेत, काजवे!" मी म्हणालो. "फक्त मला पलंगाच्या उशाशी एक बटण पाहिजे. दाबलं की अख्खं घर बंद."

"सगळं एकदम कशाला?"

"गुडघे रे."

गुडघे माझे ठणठणीत आहेत. पण ते असो.

तीन दिवसांत मी सगळं बसवलं. अकराही दिवे एका गटात घातले, गटाला नाव दिलं 'सगळे बंद'. बटण दाबून पाहिलं. अंधार पडला, पण कोपऱ्यात इंटरनेटच्या यंत्राचा निळा ठिपका लुकलुकत होता. दुसऱ्या कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण अंधारमास्तराच्या अंधारात निळा ठिपका? नवरदेवाच्या नाकावर माशी! मी त्या यंत्राचा प्लगही गटात घातला. मग डब्याभोवतीचं हिरवं कडं खुपायला लागलं. तेही गटात! मग फोनच्या चार्जरवरचा लाल कण. गटात! फोन इतका म्हातारा, की चार्जर सुटला की शिंक येऊन जाईपर्यंत मान टाकतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात अंधाराशिवाय दुसरं काही नव्हतंच.

चिरंजीवांनी बजावलं होतं, "भिंतीवरची बटणं कायम चालूच ठेवा." माझा हात मला माहीत. सगळ्या बटणांवर मी नाटकातली काळी चिकटपट्टी लावून टाकली.

दाखवायची वेळ ठरली रविवारी संध्याकाळी साडेपाचची. बाहेर लख्ख ऊन! उन्हात अंधार दिसणार कसा? म्हणून स्टुलावर चढून खिडक्यांना जुने काळे पडदे चारही बाजूंनी खिळ्यांनी टाचले. तिरीपसुद्धा आत यायची बिशाद नव्हती.

फोनच्या पडद्यावर चिरंजीव हजर झाले. स्टुलावर चढून टाचलेले पडदे मी त्यांना मिरवून दाखवले.

"तयार, बाबा?"

"बघ हं!" म्हणत मी बटण दाबलं.

काय सांगू, मंडळी! असा अंधार मी ऐन उमेदीतही पाडला नव्हता. मी छाती फुगवून टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

टाळ्या येईनात.

"कसा वाटला?" मी विचारलं. उत्तर नाही. "बरं, दिवे लाव!" मी डब्याला हुकूम सोडला. डबा गप्प. "दिवे लावा!" मी डब्याला अहो-जाहो केलं. तरी गप्प. "अरे लाव ना रे बाबा! ऐकू येत नाही का?" फोन चाचपला, तर तो दगडासारखा गार.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घरातला तेवढाच! डबा बंद, इंटरनेट बंद, फोन बंद, त्यामुळे ते एक बटणही निकामी. माझं ऐकणारं जे जे होतं, ते सगळं मी स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

भिंतीवरची बटणं शोधावीत, तर काळ्या अंधारात काळी पट्टी! दाराकडे निघालो. रंगमंचावर अंधारात चालायला आम्ही जमिनीवर चकाकत्या पट्ट्या चिकटवायचो. घरात तशा पट्ट्या कधी लागल्याच नाहीत. घरात तिचा आवाज असायचा. भांडं वाजलं की स्वयंपाकघर डावीकडे, गुणगुण आली की खिडकी समोर. आता चारी बाजू सारख्याच मुक्या.

मी डावीकडे वळलो, स्टुलावर आदळलो, आधाराला मधल्या दाराचा पडदा धरला, तर तो दांडीसकट माझ्या अंगावर! तेवढ्यात दार धडाधडा वाजलं.

"मास्तर! शुद्धीवर आहात का?" खालच्या मजल्यावरच्या सिस्टर. जन्म दवाखान्यात गेला, निवृत्तीनंतरही सगळं जग त्यांना पेशंटच दिसतं.

"आहे!"

"मग बोलत का नाही?"

"बोलतोच आहे!"

"दार उघडा!"

"सापडत नाहीये!"

मग त्या म्हणाल्या, "बरं. मी बोलत राहते, तुम्ही आवाजाच्या रोखानं या. आजपासून तुमचं मीठ बंद. साखर बंद. स्टुलावर चढणं तर कायमचं बंद..."

ती यादी धरून मी दारापर्यंत पोचलो. दार उघडलं. समोर सिस्टर, एका हातात रक्तदाब मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात फोन. फोनमधून चिरंजीव ओरडत होते, "बाबांना शॉक बसला का हो?"

"शॉक मला बसलाय," सिस्टर म्हणाल्या. "तुमचे वडील पडदा नेसून उभे आहेत."

"तुमच्याकडे याचा फोन कसा?" मी विचारलं.

"दर रविवारी येतो! तुम्ही 'मजेत आहे' म्हणून फोन ठेवलात, की लगेच मला विचारतो, खरंच का?"

त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला, भिंतीवरची पट्टी नखानं सोलली, बटण बंद केलं, परत चालू केलं.

दिवा लागला!

"एवढंच तर असतं," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथलीही पट्टी सोलून त्यांनी दिवा लावला आणि माझ्यासाठी पाणी ओतायला लागल्या. मी फोन कानाला लावून त्यांच्या मागोमाग गेलो, पडदा खुर्चीवर टाकला आणि बाहेर आलो. येता येता हात आपोआप बटणावर गेला.

खट्!

"अहो, माणूस आहे इथं!" अंधारातून सिस्टर ओरडल्या.

माझा हात बटणावरच राहिला. दिवा लावायचंसुद्धा सुचेना.

"बाबा?" फोनमधला आवाज एकदम हळू झाला. "टेम्पोचं राहू द्या. एकच सांगा. स्टुलावर चढून पडदे टाचता, म्हणजे गुडघे धडधाकट आहेत. मग ते एक बटण कशाला हवं होतं?"

'मी मजेत आहे' अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"एकेका खोलीतला दिवा घालवतो ना रे, तेव्हा दर वेळी जरासा थांबतो मी. आतून ती ओरडेल म्हणून. नाही ओरडत. रोज अकरा वेळा नाही ओरडत. म्हटलं, एकच बटण असलं, तर एकदाच थांबावं लागेल."