पाणकराची अब्रू आणि माझा तपास

मी दुर्गाप्रसाद, खासगी गुप्तहेर. गोंदिया जिल्ह्यात माझ्या नजरेतून आजवर काहीही निसटलेलं नाही, फक्त दारातून चोरीला गेलेली माझी स्कूटर सोडून. तेव्हापासून माझा साळा खुशाल मला त्याच्या मोटारसायकलवर नेतो. तो माझा मदतनीस आहे. त्याच्या बहिणीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, मात्र हे उलटं सांगतो.

केबल चॅनलवाला हेमेंद्र रडकुंडीला आला होता. त्याने बातमी दिली होती, 'पाणकर ईश्वरदास पहाटे चोरून तुडूम उघडून आधी स्वतःच्याच धानाला पाणी घेतो.' तुडूम म्हणजे गावतलावाची मोरी. पाणी वाटणारा तो पाणकर, आणि त्याच्या शेताची पाळी सगळ्यांत शेवटी, हा पिढ्यांचा नेम. ईश्वरदासने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

"वकील म्हनते, बातमी खरी हाय हे आपनच सिद्ध करा लागते," हेमेंद्र म्हणाला. "नाही तं चॅनल बंद समझो, भाऊ."

"उघडताना पाहिलं कोणी?"

"नाही. पन सकाळी त्याच्याच धानाच्या बांधीत पानी दिसते नं."

मी कामाला लागलो. पहिला सिद्धांत, ईश्वरदासच्या गोठ्याखालून तलावापर्यंत भुयार. खणलं, तर शेणच निघालं, अपेक्षेपेक्षा खोलवर. दुसरा, म्हशीला बुडी मारून तुडुमाचा गुडदा, म्हणजे पाण्याखालचं बूच, ओढायला शिकवलंय. मी म्हशीची उलटतपासणी घेतली. तिने शेपटीने उत्तर दिलं, थेट तोंडावर. शिवाय ईश्वरदासचे कपडे कायम कोरडे, म्हणजे पुरावा नष्ट करण्यात गडी पटाईत.

तोवर खुशाल खाटेवर बसून ईश्वरदासच्या बायकोने दिलेला चहा पीत होता. "काकू, पानी कोन सोडते?" त्याने सरळ विचारलं.

"मीच," सुशिलाबाई म्हणाल्या. "यायले पान्याचं लय भेव. पाय ओला झाला का चक्कर येते. लोकायनं पाहू नये म्हनून मीच पहाटे बुडी मारते. ओलं लुगडं बदलून येतपर्यंत पानी जवळच्या बांधीत जाते, ते आमचीच. मंग मी नाली वळवते."

मी धावत जाऊन हेमेंद्रला सांगितलं, केस सुटली. तो म्हणाला, "मंग बातमी खोटीच झाली नं."

सुनावणीला सगळं गाव लोटलं. नवऱ्याचं नाव राखायला सुशिलाबाई उठल्या, "साहेब, मले सांगाचं हाय." साक्षीच्या पिंजऱ्यातल्या ईश्वरदासने एकदा गावाकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "साहेब, बातमी खरी हाय. चोरून मीच सोडतो."

दावा निकाली निघाला. हेमेंद्रने मला मिठी मारली. मी ती नम्रपणे स्वीकारली.

बाहेर सुशिलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "काऊन खोटं बोलले?"

"चोराले गाव माफ करते. पान्याले भेनाऱ्या पानकराले जलमभर हासते."

"आन् मी? आता चोराची बायको म्हनतील मले."

ईश्वरदास वळला. खरं सांगायला पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला. हेमेंद्र त्याचा सदरा धरून मागे ओढत होता. "दुर्गाप्रसादजी, कुछ करो," तो मला म्हणाला.

माझ्याकडे नवा सिद्धांत तयार होता, पण खुशालने माझ्या तोंडावर हात ठेवला.